हटवारांचा उंचवटा

हटवार सरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि हर्षला लांजेवारने हातातलं पेन खाली ठेवलं, कारण बोट अगदी बरोबर जागी होतं.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"पंपाचा त्रास आहे तो, सर," पलीकडच्या टेबलावरून अनिमेष म्हणाला. "खाणीत पाणी झिरपतं. पंप चालू-बंद होतो तशी पाण्याची पातळी वर-खाली होते, आणि तिची लय नेमकी या पट्ट्यात येते. आम्ही हा पट्टा वगळूनच पुढे जातो."

"मागच्या आठवड्यात पंप दुरुस्तीला काढला होता ना? अख्खा दिवस बंद होता. त्या दिवशीचं दाखव बरं."

अनिमेषने हर्षलाकडे पाहिलं. सरांचं मन राखायचं म्हणून आणखी दोन मिनिटं घालवू का, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. हर्षलाने मान हलवली. त्याने त्या दिवसाचा आलेख काढला. पंप बंद होता, आणि आलेखाच्या मधोमध तो छोटासा उंचवटा जागच्या जागी होता.

तुमसरजवळच्या मोहबोडीच्या या बंद पडलेल्या मँगनीज खाणीत वेधशाळा सुरू झाल्यापासून पुंडलिक हटवार आठवड्यातून दोनदा एसटीने यायचे, सोबत डबा आणायचे. भंडाऱ्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, प्रकल्पाचे मानद सदस्य. मानद म्हणजे त्यांना खुर्ची आणि चहा मिळायचा, काम मिळायचं नाही. यंत्रात काहीही चमत्कारिक दिसलं की पोरं म्हणायची, "आला बघ हटवारांचा उंचवटा." सर समोर नसतील तर हर्षलाही हसायची. तिला केंद्रात वरचं स्थान होतं आणि वरच्या माणसाने खालच्यांच्या विनोदाला हसावं लागतं, अशी तिने स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

सर आता खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हर्षला, तू सांग. हे खरं आहे का?"

"तपासावं लागेल, सर," ती म्हणाली.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो उच्चारताना तिला स्वतःची शिसारी आली.

हा उंचवटा म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढची लाज कळायची नाही.

विश्वाच्या आरंभाकडे प्रकाशाच्या आधाराने पाहायला गेलं तर एका टप्प्यापलीकडे काही दिसत नाही. त्या वेळी सगळं इतकं तप्त आणि दाट होतं की प्रकाशाला वाटच नव्हती. धुक्यात गाडीचे दिवे लावून पुढचं दिसत नाही, तसंच. गुरुत्वलहरींना मात्र हे धुकं अडवत नाही. अवकाशच किंचित ताणत आणि आकसत त्या पुढे जातात, आणि अगदी आरंभी उठलेल्या लहरी आजही चहूबाजूंनी आपल्या अंगावरून जात आहेत. मोहबोडीच्या खोल उभ्या बोगद्यात त्यांच्यासाठी सापळा लावला होता. अतिथंड केलेल्या अणूंचे दोन पुंजके, एक वर आणि एक तळाशी, एकाच वेळी सोडायचे. एकाच लेझरने दोघांची लय मोजायची. लहर गेली की वरच्या आणि खालच्या लयीत किंचित फरक पडतो. असे असंख्य फरक साठवले की त्या आदिम लहरींची गुणगुण हळूहळू वर येते.

ती गुणगुण सगळ्या पट्ट्यांत एकसारखी निघाली, तर बहुतेकांचं म्हणणं टिकतं: काळ विश्वाबरोबरच सुरू झाला, त्याच्या 'आधी' असं काही नव्हतंच. हटवार सरांचं म्हणणं निराळं. आधी एक विश्व होतं. ते आकसत गेलं, पार मिटून जायच्या आत उसळलं आणि पुन्हा फुलू लागलं. काळ त्या उसळीतूनही न तुटता चालत आला. तसं असेल तर उसळीचा ठसा एका ठराविक पट्ट्यात उमटायला हवा, तिथे लहरींचा जोर वाढायला हवा. आलेखात दिसणारा उंचवटा तो हाच.

सर मोहाडीच्या कोष्ट्याच्या घरातले. वर्गात ते हे सगळं मागावर समजावत. कापड पहिल्या आडव्या धाग्यापासून सुरू होतं हे खरं, पण उभा ताणा त्याच्या आधीच ताणून ठेवलेला असतो. विश्व म्हणजे कापड आणि काळ म्हणजे ताणा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हर्षलाने हे ऐकलं आणि घरी ठरत आलेलं लग्न मोडून ती पुढे शिकायला गेली. घरी येऊन वडिलांची समजूत काढणारे सरच होते.

आणि हा उंचवटा विश्वाने पाठवलेला नव्हता, हे हर्षलाला पक्कं ठाऊक होतं. तो तिनेच टाकला होता.

अशा प्रयोगांत ही रीतच आहे. माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसायला लागतं, शास्त्रज्ञही त्याला अपवाद नाहीत. म्हणून अधूनमधून यंत्रातला लेझरचा आरसा हलकेच हलवून एक बनावट संकेत आत सोडतात. यंत्राला तो खरा वाटतो, माणसांनाही. गट तो शोधतो का, शोधल्यावर वाहवत जातो का, हे पाहायचं असतं. संकेत खोटा आहे हे फक्त दोघांना माहीत असतं आणि गटाने शोधाचा लेख पूर्ण लिहून काढेपर्यंत त्या दोघांनी तोंड उघडायचं नसतं. मोहबोडीचे ते दोघं म्हणजे हर्षला आणि पुण्यात बसणारे संचालक, डॉ. शिरीष पेंढारकर.

मोजणीच्या या फेरीतली गुप्त चाचणी दिवाळीलाच उघड झाली होती. एका फेरीत एकच, असा प्रघात होता, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. पेंढारकरांना नेमका त्याचाच फायदा घ्यायचा होता. "दुसरी टाकू," ते फोनवर म्हणाले होते. "आणि आकार असा घेऊ की कुणी गंभीरपणे बघणारच नाही. तुमच्या त्या हटवारांचा उंचवटा घे. छापील लेखात सूत्र आहे, जसंच्या तसं उचल." ते हसले होते. हर्षलाही हसली होती, आणि दुपारच्या आत तिने सूत्र उचललं होतं.

पेंढारकरांचा अंदाज बरोबर निघाला. तरुण, हुशार, पगारी माणसांपैकी एकानेही तिकडे पाहिलं नाही. जो पाहील अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, त्याने पाहिलं.

दोन दिवस सरांनी आलेख उलटसुलट तपासला. अनिमेषही आता त्यांच्याशेजारी बसू लागला होता, "सर, सर" करत होता. तिसऱ्या सकाळी सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हातात डबा नव्हता.

"नागपूरला जायचं आहे मला. तुझी गाडी घेऊन येशील?"

"दवाखान्यात, सर? तब्येत?"

"माझी नाही. कापगतेबाईंची. तिच्या भाचीचा फोन आला होता मागेच. डॉक्टर म्हणतात, आता काही दिवसांचं आहे." सर थोडे थांबले. "आजवर गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो? आता जातो."

प्रा. वसुंधरा कापगते हे नाव केंद्रात सगळ्यांना माहीत होतं, गुप्त चाचण्यांचे नियम त्यांनीच लिहून दिले होते. एकेकाळी नागपूरला ती दोघं एका वर्गात होती, कँटीनमध्ये ताणा आणि कापड यावरून तासन्‌तास भांडायची. पुढे सरांनी आंबागडच्या पायथ्याशी एक लहानसं यंत्र उभं केलं. सरकारने समिती नेमली आणि समितीच्या अध्यक्ष वसुंधराबाई होत्या. काळाच्या आधी काय होतं हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही, असा त्यांनी शेरा मारला आणि यंत्र बंद पडलं. त्या दिवसापासून सर त्यांना कापगतेबाई म्हणू लागले, तेही त्यांच्या पाठीमागेच, कारण समोरासमोर बोलणं संपलं होतं.

हर्षलाने गाडी काढायच्या आधी पेंढारकरांना फोन लावला.

"सर, त्यांना सांगू द्या मला. ते कापगते मॅडमना भेटायला निघालेत. हा संकेत दाखवायला."

"मग जाऊ दे की. दोन निवृत्त माणसं आपसात काही बोलली तर प्रकल्पाचं काय बिघडतं?"

"मॅडम मरायला टेकल्यात, सर."

"हर्षला, चाचणी उत्तम चाललीये. पोरं लेख लिहायला बसलीयेत. एप्रिलपासून केंद्र तुझ्या हातात यायचंय आणि नियम पहिल्यांदा तूच मोडलास तर नेमणूक समितीला मी काय तोंड दाखवू? थोडे दिवस कळ काढ."

तिने कळ काढायचं ठरवलं. एप्रिलचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तो आल्याचं तिला कळलंही.

हायवेला लागल्यावर गाडी आपली आपण चालू लागली, त्यामुळे रस्त्याकडे बघत बसायचं निमित्तही उरलं नाही. सर बोलत होते. मोहाडी मागे पडलं तेव्हा त्यांनी बोट दाखवून आपलं जुनं घर कुठे होतं ते सांगितलं. बाप माग चालवायचा, आई कांड्या भरायची. बापाला एकदा विचारलं होतं, ताण्याच्या आधी काय असते? बाप म्हणाला, ताण्याच्या आधी सूत असते, जा, अभ्यास कर.

"तू काहून गप्प आहेस?" सरांनी विचारलं. "तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना, सर."

हे मात्र सरळ खोटं होतं. इतका वेळ ती नियमाच्या आड उभी होती, आता तोही आडोसा राहिला नाही.

दवाखान्यातली खोली मागच्या अंगाला होती. भाची शलाका दार उघडून बाजूला झाली. पलंगावर वसुंधराबाई उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात नळी, हाताची हाडं दिसत होती, पण नजर जागी होती.

"पुंडलिक," त्या म्हणाल्या. "बस."

सर बसले नाहीत. येताना त्यांनी बरंच काही जुळवलं असावं, पण त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. त्यांनी खिशातून आलेखाचा कागद काढला, उलगडला आणि पलंगावर ठेवला.

"सापडलं, वसुंधरा."

वसुंधराबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ पाहिला. बोट उंचवट्याच्या डावीकडून चढलं आणि उजवीकडून उतरलं. मग कागद मांडीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"माझं चुकलं, पुंडलिक."

सरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांचा राग त्या एका वाक्याने निघून जायला हवा होता, पण तो गेला नाही, उलट त्याला धीर आला.

"मला एकट्याला सांगून काय होते? तेव्हा सगळ्यांसमोर लिहिलं होतं तू. आता सगळ्यांना सांग. विभागाच्या ग्रुपवर जुने सगळेच आहेत."

"काका," शलाका मध्ये पडली, "मावशीला बोलायचा त्रास होतो."

"धर फोन," वसुंधराबाई म्हणाल्या.

शलाकाने फोन धरला. त्यांनी नळी सारखी केली आणि एकेक शब्द निवडून बोलल्या. "मी वसुंधरा कापगते. पुंडलिक हटवारचं आंबागडचं यंत्र मी बंद पाडलं. ते माझं चुकलं. त्याला जे पाहायचं होतं ते पाहू द्यायला हवं होतं. हे मी पूर्ण शुद्धीत सांगते आहे."

एवढ्याने त्यांना दम लागला. शलाकाने ते ग्रुपवर पाठवलं आणि सरांकडे पाठ करून उशी सारखी करू लागली. हर्षला दाराशी उभी होती. तिथून दोन पावलं पुढे येऊन एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. ती पर्सचा पट्टा घट्ट धरून उभी राहिली.

परत येताना मौद्याला त्यांनी नाश्त्याला गाडी थांबवली. तर्री-पोहे समोर आले. सरांनी चमचा उचलला आणि परत ठेवला. फोनवर अभिनंदनाचे निरोप धडाधड येत होते, तो त्यांनी पालथा घातला.

"हर्षला, मी वाईट वागलो."

तिने आपली बशी बाजूला सारली.

"मरत्या बाईला फोनसमोर बसवलं मी. तिला श्वास पुरत नव्हता, आणि मी काय म्हणून राहिलो, सगळ्यांना सांग. शलाकानं माझ्याकडे पाहिलंही नाही नंतर. इतका कसा हलका झालो मी?" त्यांनी कपाळावर हात मारला. "खरं सापडलं म्हणून काय झालं? खरं घेऊन असं जायचं असते का कोणाकडे?"

तेव्हा हर्षलाला राहवलं नाही.

"खरं नाहीये ते, सर."

"काय?"

"बनावट आहे. दुसरी चाचणी. मी टाकलाय तो."

टपरीवाला चहा ठेवून गेला. सरांनी ग्लास हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"आकार कोणी निवडला?"

"पेंढारकर सरांनी. मी हो म्हटलं."

"हाच काहून? दुसरे काय कमी होते?"

हर्षलाने मान खाली घातली. पण आता अर्धंच सांगणं तिला जमेना. "कारण... तो कुणी गंभीरपणे बघणार नाही म्हणून."

"असं म्हटलं त्यांनी?"

"हो."

"हसले असतील."

"हो, सर."

"आणि तू?"

शेजारच्या बाकड्यावर दोन ट्रक ड्रायव्हर कसल्याशा क्रिकेट सामन्यावरून वाद घालत होते. हर्षलाला वाटलं, त्यांनी जरा मोठ्याने भांडावं, म्हणजे आपलं उत्तर ऐकू जाणार नाही.

"मीपण हसले," ती म्हणाली.

सरांनी चहा संपवला. गार पाण्याने तोंड धुतलं, रुमालाने पुसलं आणि रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला. त्यांनी तिला एक शिवी हासडली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

"गाडी वळव," ते म्हणाले. "तिला सांगायला पाहिजे. आणि शलाकालाही."

वसुंधराबाई जाग्या होत्या. सर या वेळी बसले, पलंगाजवळच्या स्टुलावर, खाली पाहत.

"वसुंधरा, तो संकेत खोटा निघाला. ह्यांची चाचणी होती. तुझं बोलणं मी मागे घेतो. म्हणजे तू घे. ग्रुपवरून काढायला लाव शलाकाला."

"खोटा आहे ते मला सकाळीच कळलं," त्या म्हणाल्या.

सरांनी मान वर केली.

"तो कागद दे. उजवीकडचा उतार पाह्य. किती उभा आहे? तुझ्या छापील लेखात एक घातांक चुकला होता. परीक्षणाला माझ्याकडेच आला होता तो, पण चूक मला छापून आल्यावर दिसली. मी तुला कळवलं, तू मान्यही केलंस. पण दुरुस्ती छापायच्या आधी समितीचं ते प्रकरण झालं आणि चूक राहून गेली. निसर्गाला तुझी चूक कुठून ठाऊक असणार?" त्या थोडं थांबून श्वास घेऊ लागल्या. "कोणीतरी लेखातून जसंच्या तसं उचललं, एवढाच त्याचा अर्थ."

सर कागदाकडे पाहत राहिले. त्यांनीही बोट उंचवट्यावरून फिरवलं, उजवीकडे आले, आणि बोट तिथेच थांबलं.

"माझीच चूक," ते पुटपुटले. "दोन दिवस पाहून राहिलो मी. माझी चूक मलाच ओळखू आली नाही."

"एका फेरीत एकच चाचणी, असं नियमात नाही. नियम मी लिहिलेत, आकडा मुद्दामच घातला नव्हता."

"मग सकाळी काहून नाही बोललीस?"

"इतक्या वर्षांनी आला होतास. बोलले असते तर उठून गेला असतास." त्या किंचित हसल्या. "आणि माझं बोलणं पुन्हा ऐक. काळाबद्दल एक शब्द आहे का त्यात? ताण्याचं तुझं म्हणणं मला अजूनही पटत नाही. यंत्र बंद पाडलं, त्याची माफी मागितली. ती मागायला तुझं बरोबर असण्याची गरज नव्हती. तूच कागद घेऊन आलास."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वसुंधराबाईंनी आपला हाडकुळा हात त्यांच्या मनगटावर ठेवला, आणि मग त्यांची नजर दाराकडे गेली.

"तू टाकलास?"

"हो, मॅडम."

"आणि तूच याला इथे घेऊन आलीस."

"नियम होता, मॅडम. लेख होईपर्यंत बोलायचं नाही असा."

"नियम माझाच आहे, मला नको सांगू. गप्प राहायचं, एवढंच लिहिलं होतं मी त्यात. गाडीत बसवून माझ्या खाटेपाशी आणून सोडायचं नव्हतं लिहिलं."

शलाका खिडकीशी उभी राहून हर्षलाकडेच पाहत होती. हर्षला खोलीबाहेर आली आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून तिने पूर्ण गटाला निरोप लिहिला. संकेत बनावट आहे, आकार कसा निवडला, नियम कुणी मोडला. पेंढारकरांचा फोन लगेच आला. तो तिने उचलला, सगळं ऐकून घेतलं, आणि एप्रिलचा विषय त्यांनी काढायच्या आत स्वतःच काढून, केंद्र सोडते असं सांगून संपवला.

वसुंधराबाई त्याच आठवड्यात गेल्या. सर घाटावर होते. ग्रुपवरचं बाईंचं बोलणं तसंच राहू दिलं आणि त्याखाली सरांनी लिहिलं की माझा शोध खोटा होता, मी तो घेऊन आजारी माणसाच्या दारात गेलो, याची मला लाज वाटते. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. अभिनंदन करणाऱ्यांना आता काय लिहावं हेच कळेना.

शेवटचं एक काम उरलं होतं. बनावट संकेत वजा करायचा आणि खाली खरं काय आहे ते पाहायचं. किल्ली, म्हणजे त्या संकेताचा परवलीचा शब्द, हर्षलाकडे होती, म्हणून तेवढ्यासाठी तिला मोहबोडीला बोलावलं. दुपारी सगळे नियंत्रण खोलीत जमले. अनिमेष तिच्याशी बोलला नाही. सर एसटीने आले होते. डबा घेऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले.

"सर, इकडे या ना," अनिमेष म्हणाला.

"नाही. हर्षला पाहील. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही राहिला. मी आलो तर मला तिथे उंचवटाच दिसेल."

हर्षलाने किल्ली दिली. तिने टाकलेला आकार, चुकीच्या घातांकासह, आलेखातून हळूहळू निघून गेला. खाली उरली ती बारीक थरथरणारी रेघ. तिने जवळ जाऊन पाहिलं, पट्टा मोठा करून पाहिला, पंप बंद होता तो दिवस वेगळा काढून पाहिला. डावीकडून उजवीकडे रेघ सारखीच होती. यावरून काळ तिथेच सुरू झाला असं सिद्ध होत नव्हतं. या यंत्राला अजून तरी त्याच्या आधीचं काही ऐकू येत नव्हतं, इतकंच.

"सपाट आहे, सर," ती म्हणाली. "काही नाही."

सर भिंतीकडे तोंड करूनच बसले होते.

"नक्की?"

"नक्की, सर."

"हे तरी खरं ना, पोरी?"

"हो, सर. खरं आहे."

सर गुडघ्यावर हात टेकून उठले, चष्मा काढून पुसला, आणि स्वतः पाहायला पडद्याजवळ आले. हर्षलाने खुर्ची सोडली आणि त्यांना जागा करून दिली.